थंड इंजिनावर हात

"इंजिन थंड असतानाच हात लावायचा, रत्ना. जुनी गाडी बघायला आधी सांगून जायचं न्हाई, उजाडता जायचं. हाताला गरम लागलं की भांडत बसायचं न्हाई, मागं फिरायचं. तापलेलं इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं."

हे माझे बाबा. गुरुबसप्पा मेस्त्री म्हटलं की उदगीरच्या कुठल्याही ट्रकवाल्यानं गॅरेजचा रस्ता दाखवला असता. मला भाऊ नव्हता. शाळा सुटली की मी गॅरेजात जाऊन बसायची, पाने पुसून त्यांच्या हातात द्यायची. झिजलेलं इंजिन थंडीत सुरू होताना खोकतं, निळा धूर टाकतं, पण गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलं की सगळं झाकलं जातं, हे मला भाकरी थापता यायच्या आधी कळायला लागलं होतं. त्याचा उपयोग मला कधी होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरात ट्रकचं बोलणं निघालं. लातूर जिल्हा नवानवा झाला होता. पाऊस तेवढा आला नव्हता, आदल्या वर्षीही नाही आणि त्या वर्षीही नाही. आमच्या ह्यांची, चंद्रप्पांची, उदगीरच्या मोंढ्यात आडत. मोंढ्यात मालच येईना. हमाल पोत्यांच्या ढिगाऐवजी नुसत्या ओट्यावर झोपायचे. तिकडं लातूरला मात्र कचेऱ्या, रस्ते, साहेबांचे बंगले, सगळं एकदमच उभं राहत होतं. वाळू आणि खडी जाईल तेवढी कमीच पडायची.

"दुकानात माश्या मारण्यापेक्षा जुना ट्रक घेऊ," हे म्हणाले. "काम मिळालं तर वाळू, न्हाई मिळालं तर वर टाकी बसवू अन् पाणी वाहू."

घरात होतं ते सगळं ह्यात घालायचं होतं. गाडी फसवी निघाली तर आडतही हातची जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बिलोलीला भुजंगराव म्हणून एकांचा लांब नाकाचा ट्रक विकायला आहे असं कळलं. मांजरा नदीच्या वाळूवर राबलेली गाडी. मैलांचा आकडा दोनदा फिरून शून्यावर आला आणि मग काटाच बंद पडला, असं सांगणाऱ्यानं सांगितलं.

"तू चल संगं," हे म्हणाले. "मला तुरीतला खडा कळतो. इंजिनातलं काय कळतंय? बाबांचा हात तुझ्याकडं हाय."

आदल्या रात्री आम्ही देगलूरच्या मठात मुक्काम केला, म्हणजे पहिल्या गाडीनं बिलोलीला पोचता यावं. लिंगपूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. मठाच्या आडानं तळ गाठला होता. पळीभर पाण्यात पूजा केली, विभूती लावली, आणि अंधारातच एसटी गाठली.

भुजंगरावांचं घर गावाच्या कडेला. अंगणात कडुलिंबाखाली ट्रक उभा. नाकावर ताजं हळदीकुंकू. भुजंगराव आम्हाला बघून गडबडले. निरोप न देता आलो होतो ना.

"या की शेट, या. बसा. लई सकाळी आलासा."

त्यांच्या घरच्या तुळजाबाईंनी मला आत बोलावलं. चुलीवर चहा उकळत होता. शेजारी एक कप भरलेला, वर बशी झाकून ठेवलेला. तो कुणाचा ते मी विचारलं नाही. मला दुसऱ्या कपात दिला.

"गाडी तुमीच घेनार का?" त्यांनी विचारलं.

"बघतो काकू. इंजिन चांगलं असलं तर."

"चांगलं हाय. लई चांगलं हाय." मग चुलीकडं बघत म्हणाल्या, "एक मागू का, लेकी? घेतली तर रोज पहाटं तिला चालू करायची. काम असू द्या, नसू द्या. लई येळ न्हाई. चहा होईस्तोवर."

बैल विकणारा माणूस नव्या धन्याला सांगतो ना, पराणी टोचू नका म्हणून, तसलंच काही असेल असं मला वाटलं.

"करीन, काकू. घेतली तर रोज करीन."

"सबूद?"

गळ्यातल्या लिंगाच्या करंडकाला हात लावून मी म्हणाले, "शब्द."

बाहेरून ह्यांनी हाक मारली. इंजिनावरचं झाकण उघडून ठेवलं होतं. ह्यांनी आधीच हात लावून बघितला होता. मला नुसतं नजरेनं म्हणाले, तू बघ. मी पदर सावरून हात टेकवला. हात उचलावा लागेल असं काही नव्हतं, पण ऊब होती. रात्रभर उभ्या राहिलेल्या लोखंडाची ऊब नव्हती ती.

"भुजंगराव," हे म्हणाले, "आज चालू केलती का गाडी?"

भुजंगरावांनी एकदा घराच्या दाराकडं बघितलं. "न्हाई. परवापासनं हुभीच हाय."

"मग हिला ताप आलाय म्हनायचं का?" हे मोठ्यानं हसले. "तसं असंल तर वैद्याला बोलवायचं. आडत्याला कशाला बोलवता?"

कुंपणापाशी दात घासत उभे असलेले दोघं फिसकन हसले. भुजंगरावांची मान खाली गेली.

"चालू तर करून बघा, शेट."

चालू केली. किल्ली फिरवताच गाडी लागली. धूर नाही. तेल भरायच्या तोंडावर मी झाकण उलटं टाकलं, बाबा टाकायचे तसं. इंजिनाच्या रिंगा गेल्या असतील तर ते झाकण आतल्या वाऱ्यानं थडथडतं, कधीकधी उडून पडतं. ते जागेवर गप्प बसलं. इंजिन आधी थंड असतं तर मी ह्यांना मान हलवून हो म्हटलं असतं.

"गोड बोलायलीय," हे माझ्याकडं बघून म्हणाले.

मी तेलाचं झाकण घट्ट लावलं. बाबांचं सांगणं होतं, गरम लागलं की मागं फिरायचं. आम्ही फिरलो. वळताना दिसलं, तुळजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

स्टँडवर सरजाबाईंची चहाची टपरी. गाडीला वेळ होता. ह्यांनी चहा सांगितला आणि सहज म्हणाले, "तुमच्या गावात ट्रक बी तापवून विकत्यात का?"

"कुनाचा वो? भुजंगरावचा?" सरजाबाई गाळणी झटकत म्हणाल्या. "तो कशाला तापवायलाय? आमच्या गावाला कोंबडा लागत न्हाई, शेट. तुळजाकाकू रोज पहाटं गाडी चालू करती अन् सगळं गाव उटतं."

"काकू? गाडी चालवत्यात?" मी विचारलं.

"चालवती कुठली? नुसती चालू करून आत बसती. शेषेराव चालवायचा ना, त्यांचा ल्योक. सकाळी उटला की आधी गाडी चालू करून ठिवायचा, मग चहा प्यायचा, मग वाळूला जायचा. गेल्या साली काविळीनं गेला. तवापासनं म्हातारी त्याचा चहा वतून ठिवती, गाडी चालू करती, चहा निवला की बंद करती. लोकं येडी म्हनत्यात."

बशी झाकून ठेवलेला कप माझ्या डोळ्यांपुढं आला.

"मग भुजंगरावांनी न्हाई म्हणून का सांगितलं?" ह्यांनी विचारलं, पण आवाज उतरला होता.

"आता बायकोला लोकं हसत्यात म्हनल्यावर परक्या मानसाला काय सांगंल तो?"

"मागं जाऊ या," मी म्हणाले.

ह्यांनी चहा संपवला. बशी बराच वेळ हातात धरून ठेवली. "आत्ता कुठल्या तोंडानं जायचं गं? चारचौघांत बोललो त्येला. पुढच्या बाजाराला येऊ. तवर निवंल सगळं."

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझा आवाज तसाही घरात कुणाला फारसा ऐकू जात नाही. एसटी आली, आम्ही बसलो.

पुढच्या बाजाराला जाणं झालं नाही. मोंढ्यात परमुलखातली थोडी ज्वारी आली, हे त्यात अडकले. त्याच्या पुढच्या बाजारीही तसंच काही निघालं. मी रोज पहाटे तळहातावर लिंग घेऊन बसायची, डोळे मिटायची, आणि मन त्या कडुलिंबाखाली जायचं. आता चालू केली असेल. आता चहा ओतला असेल. माझी पूजा कधी कुणी हसण्यावारी नेली नव्हती. त्यांची नेली, तेव्हा आम्ही तिथं होतो.

शेवटी ह्यांनीच एक दिवस जेवताना म्हटलं, "बिलोलीला निरोप धाडलाय. नरसिंगला संगं नेऊ. सौदा जमला तर तोच गाडी घेऊन येईल." नरसिंग म्हणजे आमच्या गल्लीतला ड्रायव्हर. ह्या खेपेला सांगून गेलो.

ट्रक तिथंच उभा होता. नाकावरचं हळदीकुंकू वाळून त्याचे पोपडे निघाले होते. भुजंगरावांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. झाकण उघडलं, ह्यांचा हात स्वतःच्या हातानं धरला आणि इंजिनावर ठेवला.

"बघा, शेट. हाय का ताप?"

"भुजंगराव, त्या दिवशी मी—"

"न्हाई, बघा तर. बाईसायब, तुमी बी बघा."

मी हात ठेवला. विहिरीच्या तळच्या दगडासारखं गार होतं ते.

"तुमच्यामागनं आनखी दोघं आले," भुजंगराव सांगत होते. "ते बी हात लावून, हसून गेले. मग म्हनलं, बास झालं. किल्ली लपवून ठिवली. हातच लावू देत न्हाई आमच्या म्हातारीला. आता कुनी गरम म्हनायचं न्हाई."

त्यांना वाटत होतं, आम्हाला हेच हवं होतं. आणि खोटं कसं म्हणावं? आम्ही तेच मागितलं होतं.

बॅटरी उतरली होती. नरसिंग, हे आणि गावातली चार माणसं मिळून ट्रक ढकलला. दोन गचके खाऊन इंजिन लागलं. पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला आणि मग स्वच्छ. मी तेलाचं झाकण उलटं टाकलं. बसून राहिलं. असं इंजिन बाबांनी दहा गावं फिरून शोधलं असतं. रोज पहाटे कुणीतरी जपलेलं इंजिन होतं ते.

ह्यांनी भुजंगरावांचे हात हातात घेतले. सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं, मामा." भुजंगरावांनी मान हलवली. किंमत त्यांनी सांगितली तीच धरली. हे आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता उठले.

मी आत गेले. चूल विझलेली. तुळजाबाई वाकळीवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"काकू, गाडी आम्ही घेतली."

त्या हलल्या नाहीत.

"रोज पहाटं चालू करीन. मी शब्द दिलाय."

बाहेर इंजिन चालूच होतं. मग भिंतीकडं बघतच त्या म्हणाल्या, "नेम मोडला, बाई. मी न्हाई मोडला."

त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला. त्यांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही. बाहेर नरसिंगनं गाडी वळवली, अंगणातून काढली, तरी त्या उठल्या नाहीत. पाच माणसांचं हसणं ऐकून घेतलेलं बाईमाणूस कसं उठवावं, ते मला ठाऊक नव्हतं. बाबांनी ते शिकवलं नव्हतं.

ट्रक उदगीरला आणून आमच्या बोळाच्या तोंडाशी, मोंढ्याच्या भिंतीला लावला. किल्ली हे उशाशी घेणार होते. मी मागून घेतली आणि देवळीतल्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. पूजा केली, तीर्थ घेतलं. स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले, मग कपाटातला तिसरा काढला आणि त्यावर झाकायला बशी घेतली. मी जन्मभर इंजिनं ऐकली, पण किल्ली कधी फिरवली नव्हती.

"इतक्या लौकर कुठं?" ह्यांनी अंथरुणातूनच विचारलं.

"इथंच."

खिळ्यावरची किल्ली काढून मुठीत धरली, पदर डोक्यावर घेतला, दार हळूच ओढून घेतलं आणि बोळाच्या तोंडाकडं निघाले.