विल्फ नुसता हाकतो

मित्रांनो, मी एक जुनी साइडकार आहे. साइडकार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. मऊ गादी, पुढे काच, आत डोक्याला रुमाल बांधून ऐटीत बसलेली बाई. तसलं काही मनात आणू नका. माझ्यात बसायची सोयच नाही. एक सपाट फळी, एक चाक, पुढे पत्र्याचा उतरता पडदा आणि धरायला दोन मुठी, एवढीच मी. मी शर्यतीची साइडकार. माझ्यावरचं माणूस बसत नाही, लोंबकळतं.

माझा जन्म इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटावर, पील गावातल्या एका लोहारशेडमध्ये झाला. विल्फ किसॅक हा त्या शेडचा मालक. दिवसभर तो मासेमारीच्या बोटींचे नांगर आणि कड्या ठोकायचा आणि उरलेला सगळा जीव त्याच्या काळ्या मोटरसायकलीत. तिच्या डाव्या अंगाला जोडायला म्हणून त्याने मला घडवलं. फळी मोडीत निघालेल्या बोटीची होती, पत्रा कुठून तरी मागून आणलेला, आणि मुठींचे गज त्याच्या आईच्या लोखंडी पलंगाचे. उशाकडचे दोन गज गायब झालेले पाहून म्हातारी शेडच्या दारात येऊन कडाडली होती, "अरे मेल्या, उद्या माझ्या शवपेटीच्या कड्यासुद्धा काढून नेशील!"

आता माझ्यावर लोंबकळणार कोण, हा प्रश्न होता. विल्फचा एक मावसभाऊ तयार झाला. पहिल्या वळणानंतर तो उतरला तो पुन्हा चढला नाही. मग विल्फने बटाट्याचं पोतं बांधून पाहिलं. ते पोतं डाव्या वळणावर सुटलं आणि बटाटे कोणाच्या तरी कुंपणात गेले. तेव्हा विल्फची धाकटी बहीण वोरी शेडमध्ये आली. ती बंदरावर हेरिंग मासे चिरून धुरीला लावायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर निसरडी मासळी हाताळून तिच्या बोटांना जी पकड आली होती, ती बंदरावरच्या एकाही गड्याला नव्हती.

"विल्फ, पोत्याला हात नसतात. मला आहेत," ती म्हणाली.

"आणि तोंडही आहे. तीच तर अडचण आहे."

"तोंड मी बंद ठेवीन. तू डोळे उघडे ठेव म्हणजे झालं."

त्याच दिवशी तिने जाळं विणायचा दोरा आणला आणि माझ्या दोन्ही मुठींवर गच्च गुंडाळला. धुराचा आणि मासळीचा तो वास माझ्या अंगाला कायमचा चिकटला.

मित्रांनो, लोकांना वाटतं शर्यत पुढचा माणूस जिंकतो. डावं वळण आलं की वोरी माझ्या चाकावरून इतकी बाहेर झुके की तिचा खांदा रस्त्याला लागतोय की काय असं वाटे. उजवं वळण आलं की विल्फच्या मागून पलीकडे. सरळ रस्ता लागला की फळीवर पालथी आडवी. ती झुकली नाही तर आम्ही तिघंही उताणे. विल्फ कधी मागे वळून बघायचा नाही, वळून बघायला सवडच नसते. म्हणून त्यांची एक खूण ठरली होती. वळण संपलं, वोरी आत आली, की ती त्याच्या पाठीवर एक थाप मारायची. म्हणजे, मी आत आहे, जाऊ दे. दोन थापा म्हणजे हळू. ती थाप पडली की त्याची आखडलेली पाठ सैल व्हायची. मी हे रोज पाहत असे, म्हणून सांगते, त्या माणसाचा कशावर भरवसा असेल तर तो त्या एका थापेवर होता.

तिला चिडवणारे कमी नव्हते. "आली रे खारवलेली मासळी!" असं इतर गडी ओरडायचे. वोरी म्हणायची, "वास येतोय ना? मग मागेच राहा." आणि खरंच, एका साली आम्ही बेटावरच्या मोठ्या शर्यतीत तिसरे आलो. हार विल्फच्या गळ्यात पडला. कप विल्फच्या हातात गेला. मोटरसायकलला लोकांनी कुरवाळलं, तिचे फोटो काढले. माझ्या वाट्याला चिखल आला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण वोरी गुडघ्यांची सालपटं निघालेली, कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती, ते मला आवडलं नाही.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीआधी, सरावाच्या दिवसांत, वोरी संध्याकाळी शेडमध्ये शिरली तीच तणतणत. गावातल्या पबमध्ये आमच्या तिसऱ्या नंबराचा फोटो भिंतीवर लागला होता.

"बघितलास? फ्रेम लहान पडली म्हणून कापलाय. तू आहेस, गाडी आहे, आणि माझं नुसतं कोपर आहे. कोपर!"

विल्फ हसला. हसायला नको होतं.

"जाऊ दे गं. गावाला माहीत आहे सगळं."

"गावाला काही माहीत नाही. कपावर तुझं नाव, पेपरात तुझं नाव. तू एकदा तरी तोंड उघडून म्हणालास, की ही होती म्हणून?"

"आता काय दवंडी पिटू?"

"नको पिटूस. उद्यापासून बटाट्याचं पोतं ने."

"नेतो मग! पोतं निदान बडबडत नाही," विल्फ म्हणाला. वोरी दार आपटून गेली.

दुसऱ्या दिवशी विल्फचं कामात लक्ष नव्हतं. हातोडा उचलायचा, ठेवायचा. दुपारी त्याने बोटींच्या लाल रंगाचा डबा उघडला, माझ्यापुढे गुडघे टेकले आणि माझ्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे आडवं झालेल्या माणसाचे डोळे थेट जातात, तिथे जिभेचं टोक बाहेर काढून लिहू लागला. त्याला लिहिण्याचा सराव नव्हता. अक्षरं वाकडी आली, पण आली. 'ही गाडी वोरीची आहे. विल्फ नुसता हाकतो.'

"आली की आडवी होईल, समोर हेच दिसेल," तो मला म्हणाला. "मग बघू किती वेळ तोंड फुगवते."

तो तिला बोलवायला निघाला, शेडच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. चारचौघांत बहिणीची मनधरणी करायची त्याला लाज वाटली असावी. "सकाळचा सराव होऊन जाऊ दे. मग बोलतो," असं म्हणून त्याने रंग वाळल्यावर जुन्या एप्रनच्या चामड्याचा तुकडा त्या अक्षरांवर चिकटवला. सरावाच्या फेऱ्या पुऱ्या केल्याशिवाय शर्यतीत घेत नसत, म्हणून त्याने आर्नल्ड नावाचा एक पाहुणा गडी सोबत ठरवला होता. परक्याने ते वाचू नये एवढीच त्याची इच्छा होती.

पहाटे निघालो तेव्हा खाली लख्ख होतं. डोंगरावर मात्र म्हाताऱ्या मानानानने, आमच्या समुद्रदेवाने, आपली घोंगडी पसरली होती. आमच्याकडे धुक्याला असंच म्हणतात. आर्नल्ड चांगला गडी होता. प्रत्येक वळणावर तो हवा तसा झुकला. थाप मात्र त्याला माहीत नव्हती आणि विल्फची पाठ सारा वेळ आखडलेली होती. घाट चढून सरळ रस्त्याला लागलो, आणि धुक्यातून एक मेंढी रस्त्यात आली. ती दिसली आणि आम्ही तिच्यावर आदळलो, यांत काही वेळच गेला नाही. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. एक थाप मारायलाही वेळ नव्हता.

विल्फ तिथेच गेला. आर्नल्डचा पाय मोडला. मोटरसायकल एकीकडे, मी एकीकडे, माझं चाक आभाळाकडे तोंड करून गरगरत होतं.

काही दिवसांनी मला शेडमध्ये आणून टाकलं. आर्नल्ड कुबड्या घेऊन भेटायला आला तेव्हा वोरी तिथेच उभी होती.

"मला काही दिसलंच नाही हो, बाई," तो रडत म्हणाला.

"तुला नसेल दिसलं," वोरी म्हणाली. "मला दिसलं असतं. मी दोन थापा मारल्या असत्या."

तिने माझी मूठ धरली आणि लगेच सोडून दिली. ते चामडं तिच्या हातापासून वीतभरावर होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी छप्पर उडेल एवढ्याने ओरडले असते. ती गेली, आणि पुन्हा कधी शेडमध्ये आली नाही.

शेड विकली गेली. मोटरसायकल समुद्रापलीकडच्या कोणीतरी नेली. मला गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्यात तळाला टाकलं. अंगावर दिवसरात्र कोंबड्या, आणि खालून ते लांबशेपटे. त्यांचं खरं नाव आमच्या बेटावर घ्यायचं नसतं, मीही घेणार नाही. त्यांनी ते चामडं कुरतडून खाल्लं. मग अक्षरांवर चिखल आणि विष्ठेचा जाड थर बसला आणि त्याखाली तो लाल रंग जसाच्या तसा राहिला. वर्षानुवर्षं मी एकच आशा धरून होते. कोणीतरी येईल, ओलं फडकं फिरवील आणि वाचील.

आला नॉर्मन कॉस्टेन. बसचा ड्रायव्हर होता, निवृत्त झालेला. जुन्या शर्यतींच्या गाड्यांचं त्याला भारी वेड. आमची काळी मोटरसायकल त्याने पलीकडून शोधून परत आणली होती. मला खुराड्यातून बाहेर ओढताना त्याचे डोळे भरून आले. "अगं बाई गं, काय दशा केली गं तुझी," असं तो मला म्हणाला. इतक्या प्रेमाने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. माझा जीव अगदी हुरळून गेला.

"विल्फच्या बहिणीला ही अशी चमकवून दाखवतो ना, की म्हातारी बघतच राहील," तो बायकोला म्हणाला. वोरीला त्याने निरोप धाडला होता आणि ती येते म्हणाली होती.

त्याने फडकं घेतलं नाही. त्याने ड्रिलला तारेचा ब्रश लावला.

आधी घाण उडाली. क्षणभर लाल रंग उघडा पडला. बघ, मी म्हणत होते, बघ रे बाबा, थांब. नॉर्मनच्या चष्म्यावर धूळ होती आणि तो शीळ घालत होता. 'ही गाडी' गेलं. मग 'वोरीची' गेलं. 'नुसता हाकतो' जायला जरा वेळ लागला, कारण तिथे विल्फने रंग जास्त थापला होता. मग नॉर्मनने पॉलिश लावून मला मऊ कापडाने इतकं पुसलं की माझ्यात त्याचं तोंड दिसायला लागलं. आता या माणसाला मी काय दोष देऊ? मला खुराड्यातून काढणारा तो एकटाच.

वोरी आली ती काठी टेकत. केस पांढरे, बोटं वाकलेली. मोटरसायकलकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"मला हिच्यावर आडवं व्हायचंय," ती म्हणाली. "हात दे."

"अहो मिस किसॅक, हाड मोडेल एखादं!"

"माझी हाडं जेव्हा मोडायची तेव्हा मोडली नाहीत. आता काय मोडतायत. मला एकच बघायचंय, इथून ती मेंढी दिसली असती का."

नॉर्मन आणि त्याची बायको, दोघांनी धरून तिला निजवलं. तिचा हात न बघता मुठीवर गेला. जाळ्याचा दोरा कधीच कुजून गेला होता, नवं रबर होतं. ती हनुवटी टेकून पडली आणि तिचे डोळे बरोबर तिथे आले, जिथे विल्फने ते आणून ठेवले होते. समोर लखलखीत पत्रा होता. त्यात तिला तिचं स्वतःचं म्हातारं तोंड दिसलं.

तिने मान कष्टाने वर उचलली. बराच वेळ तशीच धरली.

"दिसलं असतं," ती म्हणाली. "मान एवढी वर केली असती, तर दिसलं असतं मला."

नसतं दिसलं गं, वोरी. कोणालाच दिसलं नसतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून नॉर्मन म्हणाला, "इथे आत जरा लाल रंग होता बरं का. कोणीतरी काहीतरी खरडलेलं होतं वाटतं. घासताना गेलं."

"विल्फने नसेल," वोरी म्हणाली. "आमचा विल्फ लिहिणाऱ्यातला नव्हता."

मग तिने हात पुढे केला. पुढे पाठ नव्हती. तिने मोटरसायकलच्या रिकाम्या सीटवर एक थाप मारली, आणि "उठवा मला," म्हणाली.

आता मी आणि मोटरसायकल, आम्ही दोघी एका छोट्या संग्रहालयात दोरीच्या पलीकडे उभ्या आहोत. नॉर्मनने पाटीवर दोघांची नावं लिहिली आहेत, वोरीचं आधी. वोरी एकदा येऊन ती पाटी वाचून गेली. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," एवढंच ती त्याला म्हणाली. तिला ते कोणाच्या वाकड्या अक्षरात हवं होतं, ते या खोलीत फक्त मला माहीत होतं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, घासूनपुसून ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगेन, घासायच्या आधी नीट बघा. आणि तुमच्या शेजारी कोणी घट्ट धरून झुकलेलं असेल, तर त्याला ते आजच्या आज तोंडाने सांगा. रंगाने लिहून, वर चामडं चिकटवून, उद्यावर ठेवू नका. इथे आलात तर माझ्या पडद्यामागे वाकून पाहा. तिथे काहीही लिहिलेलं नाही. पण काय लिहिलं होतं ते आता तुम्हाला माहीत आहे.