आईगं मास्तर

बोटाला सुई टोचली की शिंपी मास्तर अशी बोंब ठोकायचे, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वळून बघायचं. "आई गं!" सगळी गल्ली त्यांना आईगं मास्तरच म्हणायची. उभा जन्म शिवणकामात गेला, पण सुईची भीती काही गेली नाही. शेजारी काजं-बटणं करत बसलेली बायको मान वर न करता म्हणायची, "झालं, मेले." आणि पुढचं बटण घ्यायची.

असे हे मास्तर कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि उजव्या हातावर आपटले. कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून प्लेट बसवलेली बरी. नाहीतर हाडं ओढून जागेवर आणू, प्लास्टर घालू. पण ती सरकू शकतात."

"प्लास्टर!" मास्तरांनी डोळेच पांढरे केले. "चाकू नको म्हणजे नको."

निघताना डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं, "दुखणं वाढत गेलं, बोटं ताठली, मुंग्या आल्या, तर तडक या. आत सूज दाटली तर हात कामातून जातो."

बायकोने नीट ऐकलं होतं. पण ज्या माणसाचं दुखणं लग्नापासून वाढतच आलंय, त्याचं आणखी वाढलेलं ओळखायचं कसं?

घरी आल्यावर मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. "अगं, आत कुणीतरी हात पिळतंय! काप हे प्लास्टर. ती मोठी कात्री आण."

"कात्री कापडासाठी असते. गोळी घ्या आणि पडा."

"गोळीने काही होत नाही गं. तुझ्या पाया पडतो."

"पाया कसले पडताय? आधी स्टुलावरून पडलात तेवढं पुरे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. ते हसणं नंतर तिला जन्मभर छळणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गप्प झाले. "आता दुखत नाही बघ," म्हणाले. तिने हुश्श केलं आणि अर्धा राहिलेला शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला. "कॉलर बघा बरं, बसलीय का?" त्यांनी डाव्या हाताने कापड चाचपलं, "कडेला ओढ बसलीय," म्हणाले आणि उसवून पुन्हा कशी घालायची ते सांगू लागले. शर्ट उचलायला ती वाकली, तर कापडात राहिलेली सुई मास्तरांच्या उजव्या तर्जनीत रुतलेली. रक्ताचा थेंब आलेला. आणि मास्तर अजून कॉलरीबद्दलच बोलत होते.

तिने किंकाळी फोडली. त्या घरात पहिल्यांदाच तिने.

दवाखान्यात प्लास्टर कापलं. ज्या चाकूला मास्तर भ्यायले होते, तोच कोपरापासून मनगटापर्यंत चालवावा लागला, आतला दाब मोकळा करायला. प्लेटही बसवली. "उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले. "बोटांत जाणीव परत येईल का, आज सांगता येत नाही." ते तिला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पुढे रोज डॉक्टर बोटं तपासायचे आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे जायचे. एका सकाळी तिला राहवलं नाही. सवयीने गळ्याशी खोचलेली सुई तिने काढली.

"अहो, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मास्तरांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. तिने अंगठ्याला टोचलं. मास्तर गप्प. तर्जनीला, मधल्या बोटाला, अनामिकेला. ते वाट बघत असल्यासारखे तसेच पडून. करंगळीपाशी तिचा हात थांबला. सुई पुढे जाईना. तिने हुंदका गिळला, पण तो ऐकू गेलाच.

"आई गं!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "मारतेस का काय मला!"

सुई अजून हवेतच होती.

तिने त्यांच्या घट्ट मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग सुई परत गळ्याशी खोचली.

"झालं," ती म्हणाली, "मेले."