बांधाअलीकडची माती

"बापानं भावाला कणीस दिलं आणि मला धाट!"

हे वाक्य मोजपट्टी रोज सकाळी बांधावर उभा राहून म्हणायचा. गावानं त्याला हे नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. भावाचं पीक किती वाढलं ते तो वीत लावून मोजायचा. आपल्या शेतातलं तण मात्र त्यानं कधी मोजलं नाही. बापाच्या एकाच शेतात मधे बांध पडलेला. पलीकडे थोरल्याचं पीक कमरेला लागलेलं, अलीकडे याचं गुडघ्याशी घुटमळलेलं.

"त्याची मातीच सोन्याची," तो म्हणायचा.

"थोरले भाऊजी पहाटे उठून शेणखत ओढतात," बायको म्हणायची. "तुम्ही ऊन अंगावर येईस्तोवर लोळता."

"तू नक्की कुणाच्या घरात नांदतेस?"

"तेच तर वीस वर्षं शोधतेय."

निवडणूक तोंडावर आली तशी पुढाऱ्याला माती आठवली. त्यानं माती तपासणाऱ्या बाईंना गावात आणलं आणि शाळेच्या पटांगणात जाहीर केलं, "ज्याची माती सगळ्यात सरस, त्याच्या शेतावर सरकारी पंप आणि त्याच्या नावाचा बोर्ड!" बाईंनी कापडी पिशव्या वाटल्या. शेतात आठ ठिकाणी वीतभर खणायचं, माती एकत्र कालवायची, अर्धा किलो भरायची, वर आपलं नाव लिहायचं.

मोजपट्टीनं पंपाचं एक वेळ सोसलं असतं, पण भावाच्या नावाचा बोर्ड रोज डोळ्यांत खुपणार होता. बाजाराच्या दिवशी थोरला बाहेर पडला, तसा हा भर दुपारी बांध ओलांडून गेला, भावाच्या शेतात आठ खड्डे खणले, बुजवले, आणि पिशवीवर स्वतःचं नाव लिहिलं.

बायकोनं आधी पिशवी पाहिली, मग चपला. "तुमच्या चपलेला शेणखत कधीपासून लागायला लागलं?"

"गप बस. माझ्या हक्काचीच माती आहे."

"अहो, पण दोघांची सारखीच निघेल की!"

"निघू दे. बोर्डावर दोन नावं लागतील. त्याचं एकट्याचं तरी नाही लागणार!"

पंधरा दिवसांनी बाई माती-तपासणीची कार्डं घेऊन पटांगणात आल्या. सगळी वाटून झाली, दोन उरली.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "या दोघा भावांचे आकडे जुळ्यांसारखे. खार फार, जमीन हलकी. सगळ्या गावात ही शेवटची."

मोजपट्टीनं कार्ड उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"माझ्या मातीचं मला ठाऊक होतं, बाई," थोरला म्हणाला. "म्हणून तर शेणखत वाहून वाहून पाठ वाकली." मग धाकट्याकडे वळला. "बघितलंस? बापानं चांगली नाही दिली, पण सारखी दिली रे."

सगळं पटांगण मोजपट्टीकडे बघत होतं. तीस वर्षांचं त्याचं गाऱ्हाणं त्याच्याच पिशवीनं खोटं पाडलं होतं, आणि तोंड उघडावं तर चोरी उघडी पडत होती. त्यानं होकाराची मान डोलावली.

पुढारी थोडाच संधी सोडतोय! "विज्ञानानंच सांगितलं, आपल्या गावात सगळे समान!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंप पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या शेतावर बसला. त्याची माती कुणी तपासली, ते आम्ही गावकऱ्यांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी थोरल्यानं बांधाअलीकडे दोन गाड्या शेणखत रिकामं केलं. "घे. तुझीही माती इतकी खारी असेल असं वाटलं नव्हतं. उगाच तुला आळशी म्हणत होतो मी."

तो गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "बाईंकडून अजून एक पिशवी आणा. आपल्या खऱ्या मातीचं कळू तरी दे."

"नको."

"का? याहून वाईट निघेल म्हणून भ्यायलात?"

मोजपट्टीनं शेणखताची पाटी भरली. बांधापलीकडचं कमरेएवढं पीक पाहिलं, मग आपलं गुडघ्याएवढं.

"आणि चांगली निघाली तर?"