मटनबर्डच्या नाळेवरचे हात

कॉरलने एका हाताने सुकाणू धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा यंत्राच्या बटणावर ठेवला. पंचांची लाँच नांगरावर डुलत होती. तिच्या निशाणाची काठी अगदी बाजूला आली तसं कॉरलने बटण दाबलं. ‘पीं’ असा आवाज झाला. मग आपली ‘मटनबर्ड’ होडी वळवून ती रेषेच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे पाण्यात एक नारिंगी बोया तरंगत होता. त्याला जवळजवळ घासून जाताना तिने दुसरं बटण दाबलं. पुन्हा ‘पीं’.

झालं. शर्यतीची सुरुवातीची रेषा म्हणजे ही काठी आणि हा बोया यांच्यामधली न दिसणारी दोरी, आणि तिची दोन्ही टोकं आता यंत्राला पाठ झाली होती. रेषा किती मीटरवर आहे, तिथे पोचायला किती सेकंद लागतील, हे सगळं ते जीपीएसवरून जुळवून काळ्याभोर आकड्यांत सांगत राहणार. आकडे हाताच्या पंजाएवढे मोठे होते. दुकानदाराने यंत्राचे नाना गुण सांगितले होते, पण कॉरलने ते घेतलं ते आकड्यांच्या आकारावर भाळून.

कारण हिवाळ्यापासून, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऑगस्टपासून, तिच्या डोळ्यांपुढे दुधाची साय धरली होती. मोठ्या होड्या दिसत, शिडं दिसत, नारिंगी रंग तर अजून ठसठशीत दिसे. पण नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, उभा असलेला तिचा नवरा क्लाइव्ह तिला एका पुसट करड्या खांबासारखा दिसायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की सुकाणू गेलं, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. आणि सुकाणू गेलं तर डरवेंट नदीवरच्या शनिवारांना तिने करायचं तरी काय? स्वेटर विणायचे?

आता गंमत अशी, की क्लाइव्हचं नाळेवरचं कामच मुळी बोटं दाखवण्याचं. रेषा तीन होड्यांच्या लांबीएवढी दूर असली की तीन बोटं, मग दोन, मग एक. मूठ आवळली की थांब. लग्न झाल्यापासून तो हेच करत आला होता. चर्चच्या गायनात त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, आणि रेषेकडे जाताना तो तिथलंच एक भजन गुणगुणायचा. एकेक बोट मिटताना मान वळवून मागे बघायचा. कीर्तनात बुवा समेवर कुठे येणार हे झांजवाल्याला पुरतं ठाऊक असतं, तरी तो बुवांच्या तोंडाकडे बघतोच ना, तसं. ती नजरानजर झाली की त्याची सुरुवात साजरी व्हायची.

यंत्र आल्यापासून कॉरलची नजर वर यायचीच नाही.

“कॅप्टनीणबाई, रेषा माझ्याकडे आहे, डबीत नाही,” तो दोनदा म्हणाला होता. तिने हसून वेळ मारून नेली होती.

त्या सकाळी डोंगरावरून येणारा वारा लहरी होता. सुटण्याआधीचा पाच मिनिटांचा भोंगा वाजायच्या जरा आधी तो फिरला. मुख्य पंच नॉरिसने माणूस पाठवून बोया ओढून मागे, होड्यांच्या बाजूला घेतला. क्लाइव्हने ते पाहिलं. “बोया हलवला,” तो नाळेवरून ओरडला. वाऱ्याने शब्द उचलून पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन टाकले. मग त्याने हातवारे केले. कॉरलला खांब हलताना दिसला. खुशीत आहे वाटतं, असं म्हणून तिने त्याला हात केला.

यंत्र बोयाच्या जुन्या जागेवरून म्हणत होतं, आठ मीटर. सहा मीटर. क्लाइव्हने मूठ आवळून डोक्यावर धरली. दुसरी मूठही वर नेली.

“कॉरल, तो थांब म्हणतोय बहुतेक,” दोरी ओढता ओढता जनेल म्हणाली. ही त्यांची शेजारीण. गावात केस कापण्याचं दुकान चालवायची आणि होडीवर पुढचं शीड सांभाळायची.

“सहा मीटर आहेत अजून,” कॉरल म्हणाली. “ओढ.”

सुटण्याचा भोंगा वाजला, आणि पाठोपाठ आणखी एक. दुसरा भोंगा म्हणजे कुणीतरी रेषा आधीच ओलांडली. “मटनबर्ड,” कर्ण्यातून नॉरिसचा सुस्त आवाज आला, “परत या. एवढी कसली घाई?”

मागे फिरून पुन्हा सुरुवात करेपर्यंत बाकीची शिडं पुलाच्या दिशेने लहान होत गेली होती.

क्लबच्या हिरवळीवर बसून त्यांनी स्कॅलॉपचे, म्हणजे शिंपल्यातलं मांस भरलेले, भाजके कानवले खाल्ले. क्लाइव्हने कानवल्याची कडही खाऊन झाल्यावर, बोटं पुसून मग तोंड उघडलं.

“दुपारच्या शर्यतीला मी लाँचवर जातो. नॉरिसला चहा करणारं कुणी नाहीये.”

“तू चहा करणार?”

“निदान तो तरी कुणी घेईल. माझी बोटं तर कुणी बघत नाही.” आवाजात राग नव्हता. त्याचंच तिला जास्त लागलं.

जनेल सॉस आणायला म्हणून उठली आणि शहाण्यासारखी परत आलीच नाही.

कॉरलने लाँचकडे बघितलं. मग हातातला कागद चुरगाळून खिशात घातला. “क्लाइव्ह, त्या होडीगाड्याजवळ जाऊन उभा राहा.”

“कशाला?”

“जा रे. आणि मला बोटं दाखव.”

तो कुरकुरत गेला, वळून उभा राहिला. तिने डोळे बारीक केले. “तीन,” ती म्हणाली.

क्लाइव्ह सावकाश चालत परत आला आणि तिच्या शेजारी बसला.

“मी हात खिशात घातले होते,” तो म्हणाला.

जेटीवर कुणाच्या तरी दोऱ्या डोलकाठीवर टणटण आपटत होत्या. क्लाइव्ह तिच्याकडे वळला.

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून. मोतीबिंदू असावा.”

“म्हणून मी गाडी चालवतोय होय? तू म्हणालीस गुडघा दुखतो.”

“गुडघाही दुखतो.”

त्याला हसू आलं. ते त्याने दाबून ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

“मी समजत बसलो, तू त्या डबीवर भाळलीस.”

“आकडे दिसतात रे तिचे. तू नाही दिसत.” कॉरलने मान खाली घातली. “आता सुकाणू तू घेशील.”

“मी? आणि होडी सरळ जाणार? अगं, मला गायनात सुद्धा कुणीतरी पान दाखवावं लागतं.” त्याने तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर थाप मारली. “सुकाणू तुझंच. पण सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा, माझ्यासमोर. आणि तोवर आडव्या येणाऱ्या होड्या मी नि जनेल ओरडून सांगणार. कबूल?”

“कबूल.”

“दिसतं काय तुला धड?”

“मोठं काहीही. आणि नारिंगी.”

क्लाइव्ह उठला आणि क्लबच्या स्वयंपाकघरात शिरला. आत नळ वाहत होता, बशा वाजत होत्या. कुणाशी तरी त्याची हुज्जत झाली, मग हशा झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंतचे भांडी घासायचे नारिंगी रबरी मोजे होते, एकातून अजून साबणाचं पाणी गळत होतं.

दुपारी वारा समुद्राकडून आला. कॉरलने काठीपाशी बटण दाबलं, बोयापाशी दाबलं, आणि आकडे सुरू झाले. एवढ्यात नाळेवर दोन नारिंगी हात उंच गेले, डावीकडे बोट करून गरागरा फिरले.

“बोया हलवला,” कॉरल जनेलला म्हणाली. “मला दिसलं.” तिने होडी वळवली, बोयाच्या नव्या जागी पुन्हा ‘पीं’ करून घेतलं.

“मटनबर्ड,” नॉरिसचा कर्णा खरखरला, “भांडी झाली का घासून?”

“तुझा कप राहिलाय,” क्लाइव्ह ओरडला. या वेळी वाऱ्याने शब्द बरोबर पोचवले. आसपासच्या होड्यांवर माणसं खिदळली.

मग शिडं भरली. नाळेवरून भजनाची खालची पट्टी ऐकू आली. तीन नारिंगी बोटं वर झाली. कॉरलने खाली आकडा पाहिला, वर बोटं पाहिली. दोन. क्लाइव्हने मान वळवली, आणि तिने आपला हात वर करून हलवला. त्याचा चेहरा तिला दिसला नाही. पण गुणगुणणं एकदम मोठं झालं, तेवढ्यावरून काय ते कळलं.

एक बोट. यंत्र म्हणत होतं, नऊ मीटर.

“ओढ, जनेल.”

भोंगा वाजला, एकच. कॉरलने कान टवकारून दुसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. लाँच मागे पडली, त्यांच्यापुढे मोकळं पाणी होतं, आणि क्लाइव्ह मोजे न काढताच टाळ्या वाजवत होता. रबराचा पचापच आवाज नाळेपासून सुकाणूपर्यंत येत होता.