भीतीवरचा पाव

सकाळी सव्वाआठला यारेत्सीच्या हातात तिसऱ्यांदा सुई टोचली, तेव्हा कुठे रक्त आलं.

"हात भरलेला आहे, शीर सापडत नाही," नर्स ओडिलिया म्हणाली. भरलेल्या नळीवर तिने नावाची चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या, रिकाम्या नळीवरही तेच नाव चिकटवून ती ट्रेमध्ये ठेवली. "आता हे साखरेचं पाणी पी. दोन तासांनी पुन्हा रक्त घेऊ. तोवर खायचं नाही, पळायचं नाही."

दहा वर्षांच्या यारेत्सीने ग्लास नाकाशी नेला. "आज्जी, हा तर गॅस गेलेला गोड सोडा."

"साखर आहे का बघायला साखरच पाजता होय?" आजी, रेफुहियोबाई, म्हणाल्या.

"अंगाला ती झेपते का, तेच बघायचंय, आज्जी," ओडिलिया म्हणाली.

इस्तापालापा वस्तीतल्या टेकडीवरच्या या दवाखान्यात नंबर लागायला वसंतापासून थांबावं लागलं होतं. यारेत्सीच्या मानेवर काळा पट्टा उमटला होता. रेफुहियोबाईंनी तो मळ समजून लिंबू लावून घासला. शाळेत आलेल्या डॉक्टरने पट्टा पाहिला, मुलीचं वजन केलं आणि साखरेची तपासणी लिहून दिली. तिची आई इर्मा हिला शिवणाच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून आजी आली होती.

बाकावर यारेत्सी हळूच म्हणाली, "शाळेत मला टाकी म्हणतात."

"गच्चीवरची?"

"हो."

"मग सांग त्यांना, तुमच्या टाकीत आधी पाणी येऊ दे." आठवड्यातून एकदा येणारं पाणी पिवळं असे. घरात सगळे सोडाच पीत.

यारेत्सी हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. रेफुहियोबाईंनी तिची बोटं हातात घेतली. गार होती. नवऱ्याची बोटं अशीच गार पडली होती, भूकंपाच्या दिवशी. समोरची इमारत त्याच्या डोळ्यांदेखत कोसळली. भीती बसली की लगेच पाव खायचा असतो, पण त्या दिवशी एकही बेकरी उघडी नव्हती. भीती अंगात राहिली, आणि वर्षाच्या आत त्याला साखरेचा आजार लागला. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल. जखम रोज रेफुहियोबाईच धूत असत.

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला पाव काढला. सुई म्हटल्यावर घरूनच घेतला होता.

"चाव."

"नर्स नको म्हणाली ना?"

"खायला नको म्हणाली. हे खाणं नाही, भीतीवर आहे. साखर भीतीतूनच शिरते, बाळा. चाव म्हणते ना."

यारेत्सीने अर्धा पाव खाल्ला. ओठांना रंग आला. आजीने तिच्या छातीवरचे कण झटकले.

सव्वादहाला ओडिलियाने हाक मारली. दंडाला रबरी पट्टा आवळता आवळता तिने सवयीने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

यारेत्सी आजीकडे बघत राहिली. रेफुहियोबाई कापसाकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. नंबर गेला नसता.

सुई कातडीला टेकली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पाव दिलाय. भीतीवर."

ओडिलियाने सुई मागे घेतली आणि पट्टा सोडला. "माझ्या आईनंही दिला असता," ती म्हणाली. "पण आता रक्त घेऊन उपयोग नाही."

"सकाळचं होतं, त्याचं काय?"

"एकशे चौदा. उपाशीपोटी शंभराच्या आत हवं."

"म्हणजे लागली साखर?"

"तसं म्हणता येत नाही. नाही लागली, असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या नळीनं कळलं असतं."

"मग उद्या येतो."

"आता नोव्हेंबरातच, आज्जी. त्याआधी जागा नाही."

"म्हणजे परत ते प्यायचं? परत तीनदा टोचणार?" यारेत्सीने विचारलं.

रेफुहियोबाईंच्या पिशवीत, उरलेल्या पावाशेजारी, फोन वाजू लागला. कारखान्यात मधली सुट्टी झाली असावी.

"आईचा आहे," यारेत्सी म्हणाली. "आज्जी, घे ना."

त्यांनी पिशवीत हात घातला, फोन पकडला, पण बाहेर काढला नाही. ओडिलियाने पुढचं नाव पुकारलं. ट्रेमधली यारेत्सीच्या नावाची नळी रिकामीच होती.