मापाचा माणूस

जग संपल्यानंतरच्या सिनेमांपेक्षा ते सिनेमे कसे घडले याची पुस्तकं मला जास्त आवडतात. सिनेमात सगळे पळत असतात. शूटिंगच्या आधी चित्रकारांनी काढलेल्या चित्रांत तेच जग शांत उभं असतं: पाण्यात बुडालेला उड्डाणपूल, गवत माजलेलं स्टेशन, छत कोसळलेलं ग्रंथालय. दिग्दर्शकाने नाकारलेली चित्रंही या पुस्तकांत छापतात. ती मी सावकाश बघते. माणसं गेल्यावर बादलीची कडी आधी गंजेल की बूड, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

मी दादरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. या पुस्तकांचं काय एवढं, असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर मी झाडांचं कारण सांगते. खरं कारण वेगळं आहे. आमच्या भागात कशाचाही अवशेष उरत नाही. गिरणी बंद होते, भोवती पत्रे लागतात, आणि पत्रे निघतात तेव्हा आत काचेची इमारत असते. पडकं व्हायला वेळच मिळत नाही कशाला. पुस्तकांत मात्र माणसं गेली तरी दारं जागच्या जागी असतात.

ही पुस्तकं मला मयूर आणून देतो. तो वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्याच मजल्यावर वाढला. आता लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या स्टुडिओत, देशी-परदेशी सिनेमांसाठी अशी चित्रं काढतो. अडलं की मला फोन करतो.

"रश्मीताई, माणसं गेल्यावर भिंतीवर पहिलं काय येतं?"

"शेवाळ. मग पाइप गळतो तिथे नेचे. मग पिंपळ."

"आणि वेली? डायरेक्टरला सगळीकडे वेली पाहिजेत."

"मे महिन्यात करपून जातील त्या. जग कुठल्या महिन्यात संपलं ते आधी विचार त्याला."

"विचारतो. पण मग तो तुलाच घेईल माझ्या जागी."

मागच्या वर्षी आमचा मजला रिकामा झाला. चाळीच्या बदल्यात मिळणारा समोरचा टॉवर तयार होता, घरं वाटून झाली होती, एकेक कुटुंब सामान उचलून गेलं. मधल्या लांब पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि आम्ही दोघी, आई आणि मी. संध्याकाळी दिव्याचं बटण दाबलं की त्याचा आवाज पॅसेजच्या टोकाला जाऊन परत यायचा. जिन्याजवळच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप होतं. ते उपटायला आता कुणी नव्हतं.

चाळ सोडताना दारावर, तैलरंगातल्या नावाखाली, खडूने नवा पत्ता लिहून जायची आमच्याकडे पद्धत आहे. गावाहून कुणी आलं तर फिरून जाऊ नये म्हणून. मजल्यावरच्या प्रत्येक दारावर पत्ता होता. आमच्या दारावर फक्त 'सीताराम', वडिलांचं नाव.

जुन्या खोलीची किल्ली देण्याची शेवटची तारीख जवळ आली होती. ती चुकली तर नवं घर लांबणीवर पडणार होतं, आणि इथलं पाणी तर तोडणारच होते. आई हलायला तयार नव्हती. माझा मोठा भाऊ धम्मपाल सोळा वर्षांपूर्वी एका दुपारी कपडे इस्त्रीला टाकून येतो म्हणून खाली उतरला. कपडे इस्त्री होऊन घरी आले, तो आला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली. वडील शोधता शोधता थकले आणि गेले. आईने शोधलं नाही. ती दाराशी बसली.

मी तिच्या हातात खडू ठेवला. "लिही पत्ता. आला तर वाचेल."

"कशावर लिहू? दार तरी ठेवणारेत का ते?"

चाळ पाडणार होते.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, मयूर कॅमेरा घेऊन आला. नव्या सिनेमात मुंबईतून माणसं नाहीशी झालेली असतात आणि त्याला आमचा पॅसेज हवा होता. चित्र अर्धं झालं होतं, बारकाव्यांसाठी फोटो काढायचे होते. आई दारात पाटावर बसली होती.

"काकी, जरा आत बसता का? फ्रेममध्ये येताय."

"माणसं गेल्यावरचाच फोटो पाहिजे ना तुला, मयऱ्या? मग मला कशाला उठवतोस? मीच उरलेय मागं."

"काकी, तुम्हाला घेतलं तर लोक म्हणतील जग संपलंच नाही."

"चहा पाहिजे तर नीट बोल."

फोटो झाल्यावर त्याने चहा घेता घेता टॅबवर अर्धं चित्र दाखवलं. आमचाच पॅसेज. छताचा तुकडा पडलेला, वरून पांढरा उजेड. दारांवरून पिंपळाची मुळं उतरलेली, आणि ती मी सांगितली होती तशीच, भेगा धरून. आमचं दार उघडं वाटावं इतपत झुकलेलं. आणि दूर टोकाला एक एवढासा माणूस, पाठमोरा, पांढरा शर्ट, हातात काठी.

आईने चष्मा लावला. टॅब दोन्ही हातांनी धरला.

"हा धम्मा."

"आई, तो कुणीही असेल," मी म्हणाले. "चित्रात असा एक माणूस घालतातच. जागा किती उंच, किती लांब, ते कळावं म्हणून. मापासाठी."

"मापासाठी तर मापासाठी. डावा खांदा बघ."

डावा खांदा खाली होता. धम्मपालचा तसाच होता. शाळेत असल्यापासून त्या बाजूने पाण्याचे हंडे वाहिलेले. मी मयूरकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला होता.

"दादाच आहे," तो म्हणाला. "नवा फोन घेतला होता मी तेव्हा. जयंतीच्या मिरवणुकीला निघालेला, मागून काढला फोटो. हातात झेंडा होता. पुढे क्लासमध्ये फोटोतनं माणूस कापायला शिकवलं, तेव्हा पहिला त्यालाच कापला. झेंडा पुसला, दांडा राहू दिला. काठी वाटते ना. मग हात बसला, ताई. एवढासा असतो, कुणाला कळणार?"

"किती चित्रांत आहे?"

"माझ्या सगळ्या."

मी आतून त्याची चित्रं असलेली पुस्तकं आणली आणि गवताची फुलं बघायचं माझं भिंगही. बुडालेल्या उड्डाणपुलावर धम्मपाल होता. बर्फात रुतलेल्या जहाजाच्या पोटाखाली होता. नाकारलेल्या वाळवंटात, अगदी पानाच्या कडेला होता. ही पानं मी वर्षानुवर्षं बघत आले होते. त्यांतली गवतं मी ओळखली होती, एका पानावर चुकीचं गवत आहे म्हणून मयूरला फोनही केला होता. त्या गवतातच माझा भाऊ उभा होता. सगळीकडे पाठमोरा, आत चाललेला.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती. भिंग तिने मागितलं नाही.

"केवढा फिरला," ती म्हणाली. मग मयूरला म्हणाली, "मोठा कर त्याला."

त्याने टॅबवर बोटं फाकवली. शर्ट मोठा झाला, खांदा मोठा झाला, मग खांद्याचे चौकोन झाले, पांढरे आणि करडे.

"अजून."

"अजून काही नाहीये काकी त्यात. एवढाच आहे तो."

आई चौकोनांकडे बघत राहिली. "राहू दे. लहान कर. लहान असला की ओळखू येतो."

तो लहान झाला. खाली रस्त्यावर कुणीतरी जुन्या खिडक्यांचे गज टेम्पोत फेकत होतं. त्याचा आवाज पॅसेजमध्ये शिरत होता.

"मयऱ्या, हे दार राहणार का?"

"कुठलं?"

"ह्या चित्रातलं."

"राहणार. पुस्तकात छापतील."

"पाडणार नाहीत?"

"चित्रातलं कोण पाडणार, काकी?"

आई पाटावरून पुढे सरकली.

"मग लिही पत्ता. ह्यांच्या नावाखाली."

मयूरने माझ्याकडे पाहिलं. त्याने पेन काढलं, दार मोठं केलं, आणि आई सांगू लागली. टॉवर, विंग, मजला, खोली. नव्या घराचा कागद तिने कधी हातात घेतलेला मी पाहिला नव्हता, पण तिला सगळं पाठ होतं.

"खडूनं लिहिल्यासारखं दिसू दे. आणि लिफ्ट आहे म्हणून लिही. नाहीतर जिन्यानं चढत बसेल येडा."

मयूरने तेही लिहिलं.

दोन दिवसांनी आईने स्वतः किल्ली नेऊन दिली. बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तिने मांडीवर घेऊन नेली, बाकीचं मजुरांनी आणलं. आमच्या खऱ्या दारावर तिने काहीच लिहिलं नाही. पावसाळ्यानंतर चाळ पाडली. नव्या खिडकीतून मला रोज पत्रे दिसत, मग खड्डा दिसू लागला. खड्ड्यात पिंपळाला धरायला काही नव्हतं.

नव्या घरात आईने खुर्ची दाराजवळ ठेवली. आतलं दार ती दिवसभर उघडं ठेवते, बाहेरचं जाळीचं तेवढं लावते. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की घंटा वाजते. आई जाळीपर्यंत जाऊन बघून येते. कधी समोरच्यांचा कुरिअर, कधी शाळेतली मुलं.

पुस्तक हिवाळ्यात आलं. मयूरने स्टुडिओतल्या मुलाकरवी पाठवलं, स्वतः आला नाही. आमचा पॅसेज दोन पानांवर पसरला होता. मी भिंग घेतलं. दारावर वडिलांचं नाव, त्याखाली पुसट खडूत पत्ता, लिफ्ट आहे. सगळं वाचता येत होतं.

पॅसेजच्या टोकाला कुणी नव्हतं. मी कडा तपासल्या, मुळांच्या मागच्या सावल्या तपासल्या. मग फोन केला.

"धम्मा कुठे आहे?"

"काढला, ताई. पत्ता लिहून झाल्यावर घरी जाऊन चित्र उघडलं. तो त्याच दारावरून पुढे गेलेला. आता वाचून झालं असेल ना त्याचं? मग परत तिथेच कसा उभा करू त्याला?"

"डायरेक्टर काही बोलला नाही?"

"म्हणाला, माप कळत नाही. तरी छापलं."

मी फोन ठेवला तोवर आईने पुस्तक मांडीवर घेतलं होतं. ती दोन्ही पानांवरून हात फिरवत होती. तिने एकदाच विचारलं, "नाहीये ना?"

"नाही."

"निघाला मग."

तिने पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि खुर्ची जाळीच्या आणखी जवळ ओढली. रात्रीचा भात तिने तिघांचा टाकला.

मी चित्र पुन्हा उघडलं. डायरेक्टरचं बरोबर होतं. माणूस नसला की नजर कुठे ठरत नाही. तो पॅसेज काडेपेटीएवढा असू शकतो किंवा मैलभर लांब, दार माणसाचं असू शकतं किंवा मुंगीचं. त्याला चालून यायला किती वेळ लागेल, हे चित्रावरून काढता येत नाही.

लिफ्टची घंटा वाजली. आई उठली. मी भिंग खाली ठेवलं.