छत्तीस इंचांचा ओटा

मानवजातीचा इतिहास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून मोजमापाचा इतिहास होय. ज्याने पहिल्यांदा दोन झाडांमधलं अंतर पावलं टाकून मोजलं, तोच खरा पहिला माणूस. त्याच्या आधीचे सगळे नुसतेच उभे राहणारे प्राणी.

हे उद्गार मी न्हाणीघरात, एका लाकडी पाटावर गुडघे कानाशी घेऊन बसलेलो असताना, कढई घासता घासता काढले.

"प्राण्यांचं नंतर बघू," बाहेरून ही म्हणाली. "कढईचे कान घासलेत का?"

नव्हते घासले.

स्वयंपाकघराचं काम सुरू होऊन अठरा दिवस झाले होते. मिस्त्रींनी आठ सांगितले होते. फ्रिज बैठकीत सोफ्याला खेटून उभा होता आणि कंटाळलेल्या पाहुण्यासारखा अधूनमधून हुंकार देत होता. डबे पलंगाखाली गेले होते. मीठ हवं असेल तर पोटावर झोपावं लागे, त्यामुळे आम्ही दोघंही अळणी खायला शिकलो होतो. शेगडी माझ्या लिहिण्याच्या मेजावर होती. भांडी न्हाणीघरात घासायची, आणि माणसांनी भांड्यांचं आटोपल्यावर अंघोळ करायची. धुळीबद्दल तर बोलायलाच नको. परवा चहावरची साय म्हणून मी जे चमच्याने बाजूला काढलं, ते सिमेंट होतं.

पण मी तक्रार करत नव्हतो, कारण या कामामागे एक थोर हेतू होता.

आमचा जुना ओटा माझ्या आईने बांधून घेतला होता. आई उंच होती. कोणाच्याही घरी गेली की आधी चौकटीला नमस्कार करी, म्हणजे वाके. मी तिच्यावर गेलो. लग्न होऊन ही आली ती चार फूट दहा इंच. पहिल्याच दिवशी शेगडीवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते हिला दिसेना. आईने मोठ्या मायेने पायाखाली एक पाट सरकवला. "तात्पुरता घे गं," म्हणाली. ती तात्पुरती सोय एकतीस वर्षं टिकली. गेल्या वर्षी उकळता चहा गाळताना हिचा पाय पाटावरून घसरला. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं त्या दिवशी हिने एकच वाक्य उच्चारलं: "मला जमिनीवर उभं राहून स्वयंपाक करायचाय."

नवे कप्पे नकोत, चकचकीत फरशी नको. फक्त जमीन. एकतीस वर्षांत हिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ही म्हणते, मला आठवत नाही हेच खरं.

आता मी मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. डोंगर मोजले, नद्या मोजल्या, भाऊबंदांच्या भांडणातले बांध वीतभर चुकू न देता मोजले. त्यामुळे मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून "ओट्याला आपलं नेहमीचं माप टाकू ना?" असं विचारलं, तेव्हा मला ते लागलं.

"नेहमीचं म्हणजे कोणाचं?" मी विचारलं.

"सगळ्यांचं."

"हा ओटा सगळ्यांचा नाही. माप मी देतो."

जुन्या ओट्यावर हिने शेवटचं दूध तापवलं, त्याच सकाळी मी पोलादी टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. शास्त्र सोपं आहे. कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्यातून चार इंच वजा करायचे.

"हलू नकोस," मी म्हणालो.

"हलले तर दूध उतू जाईल. काय मोजायचं ते मोजा लवकर."

मी ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, तीनदा मोजलं. चाळीस. वजा चार, छत्तीस. कागदावर लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि तो कागद भिंतीवर चिकटवला.

मिस्त्रींनी कागद वाचला. मग जुना ओटा मोजला. मग डोकं खाजवलं.

"साहेब, जुना पण छत्तीसच आहे."

"योगायोग."

"बाईंसाठी जरा जास्त वाटतंय."

"मिस्त्री, मोजमापात वाटण्याला जागा नसते."

मिस्त्री शहाणे होते. त्यांनी कागदाप्रमाणे काम सुरू केलं, आणि पुढचे अठरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला "माप साहेबांचं आहे" असं सांगत राहिले. मला वाटायचं, कौतुकाने सांगताहेत.

स्वयंपाकघराच्या दाराला प्लास्टिकचा पडदा ठोकला होता. "पूर्ण झाल्याशिवाय बाईंनी बघायचं नाही," अशी मिस्त्रींची ताकीद होती. ही माझ्या मेजापाशी उभी राहून बटाटे उकडी, अंडी तळी आणि चक्क गुणगुणे. मेज तीस इंचांचं. धुळीने हिचं डोकं फिरलं असावं असा मी निष्कर्ष काढला होता.

तर, अठराव्या दिवशी मी कढईचे कान घासायला घेतले. बाहेरून ही म्हणाली, "आज ओटा मिळणार ना? मग तो पाट टाकून द्या हं. उद्यापासून त्याचं तोंड बघायचं नाही मला."

मी उठलो आणि पाटाकडे पाहिलं. लाकडात दोन पावलं उमटली होती. चार फूट दहा इंचांच्या बाईची, एकतीस वर्षांत झिजून झिजून बशीसारखी खोलगट झालेली. काखेत कळसा असं म्हणतात. माझा कळसा अठरा दिवस बुडाखाली होता.

आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: मोजायच्या वस्तूखालची जागा आधी साफ करून घ्यावी.

मी पाटाची उंची मोजली. पाच इंच.

साबणाच्या हातांनी पडदा बाजूला करून मी आत गेलो. मिस्त्री काळ्या दगडावरून फडकं फिरवत होते.

"बघा साहेब, केसाचाही फरक नाही. छत्तीस."

"मिस्त्री, हा पाच इंच खाली जाईल?"

त्यांनी आधी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाईल की. फोडून."

"किती दिवस?"

"आठ."

मिस्त्रींचे आठ म्हणजे किती, ते आता मला ठाऊक होतं.

तेवढ्यात पाठीमागे प्लास्टिक सळसळलं. ही आत आली होती, अनवाणी, केस नीट विंचरून. पुढे झाली आणि ओट्यापाशी उभी राहिली. जमिनीवर.

ओटा बरगड्यांना लागला. हिने हात वर ठेवले, तेव्हा परीक्षेच्या वेळी डुलकी लागलेल्या मुलीसारखी दिसायला लागली. मिस्त्री एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते. हिने भिंतीवरचा कागद वाचला. सही वाचली. मग माझ्या हातातल्या ओल्या पाटाकडे पाहिलं.

"पाटासकट मोजलंत?"

"हो."

"मलाही नाही सुचलं," ही सावकाश म्हणाली. "पायाखाली आहे हे विसरलेच होते मी."

रागावली असती तर बरं झालं असतं.

"फोडू आपण," मी म्हणालो. "आजच फोडू."

"आणि पुन्हा सिमेंट प्यायचं? नको." हिने माझा दंड धरला आणि मला ओट्यासमोर उभं केलं. माझी कोपरं अगदी बरोबर आली. आईच्या मुलाला आईच्या मापाचा ओटा अंगाबरोबर बसला.

"मिस्त्री, माप चुकलेलं नाही," ही म्हणाली. "माणूस चुकला होता. चिरणं, निवडणं, मळणं मी करीन, त्यासाठी ते लिहायचं मेज आता इथे येईल. शेगडीपुढे हे उभे राहतील."

"माझं मेज?"

"तुम्ही त्यावर लिहिता काय? वाणसामानाची यादी. ती ओट्यावरही लिहिता येते."

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली, घाईघाईने हत्यारं गोळा केली आणि दार गाठलं.

मला भरून आलं. मी कधीच न मोजलेली एकतीस वर्षं माझ्या घरात पाटावर उभी होती. माणसाने माणसाला मोजताना आधी त्याच्या पायाखाली बघावं, असं काहीसं मोठं बोलायला मी तोंड उघडलं. ही तोवर बाहेर माझ्या मेजापाशी जाऊन खुर्चीत टेकली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"अगं, ऐक—"

"तो पाट द्या आधी इकडे, पाय ठेवायला," ही म्हणाली. "आणि चहा टाका. साखर बेताची."